आयफोन की अँड्रॉइड? फोनच्या रिव्ह्यूंचाच एक रिव्ह्यू



पेट पास झाली, गाइड मिळाले, फेलोशिपचे पैसे खात्यात यायला लागले की ज्युनिअर मंडळींकडून मला एक प्रश्न हमखास येतो. तो विषयाबद्दल नसतो, पद्धतीबद्दलही नसतो. "ताई, फील्डसाठी फोन घ्यायचाय. आयफोन घेऊ की अँड्रॉइडच बरा?" सोबत दोन-तीन व्हिडिओंच्या लिंका आणि शेवटी, "हे सगळे पाहिले, पण गोंधळ आणखीच वाढला."

गोंधळ वाढणारच. फोनचा रिव्ह्यू हा खरं तर एक छोटासा तुलनात्मक अभ्यास असतो. त्यात गट असतात, मोजमाप असतं, निष्कर्ष असतो. मग कोर्सवर्कमध्ये रिसर्च मेथडॉलॉजी म्हणून आपण जे शिकलो ते त्याला लावून बघायला काय हरकत आहे? जेआरएफ महिन्याला ३७,००० रुपये आहे, आणि वरच्या श्रेणीचा फोन म्हणजे सरळ दोन-तीन महिन्यांची फेलोशिप. एवढा पैसा ज्या "अभ्यासा"वर विसंबून खर्च करायचा, तो अभ्यास आधी तपासला पाहिजे. या लेखात तेच करू. नंतर आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या कामासाठी हीच तुलना नव्याने मांडू.

"चांगला" म्हणजे काय?

पहिली अडचण व्याख्येची. "कोणता फोन चांगला" यातला "चांगला" हा शब्द मोजता येत नाही. तो मोजता येईल अशा रूपात आणणं, म्हणजे त्याची कार्यात्मक व्याख्या करणं, हे संशोधकाचं पहिलं काम. रिव्ह्यू करणारा ही व्याख्या करतो, पण तसं सांगत नाही. त्याची व्याख्या अशी असते : स्टुडिओत बसून एका आठवड्यात जे मोजता येतं ते चांगलं. प्रोसेसरचा स्कोअर, स्क्रीनची चमक, चार्जिंगला लागणारी मिनिटं, रात्रीचे फोटो.

हे आकडे खोटे असतात असं मी म्हणत नाही. तीच चाचणी पुन्हा केली तर साधारण तोच आकडा येतो, म्हणजे विश्वसनीयता आहे. प्रश्न वैधतेचा आहे. मला जे मोजायचं आहे तेच हा आकडा मोजतो का? प्रोसेसरचा स्कोअर दुप्पट असला म्हणून माझा फॉर्म दुप्पट वेगाने भरला जात नाही. फॉर्मचा वेग समोरची आजी किती वेळ आठवून सांगते त्यावर ठरतो.

शिवाय एखादा आकडाच ध्येय झाला की तो मोजमाप म्हणून निकामी होत जातो. मार्च २०२२ मध्ये गीकबेंचने सॅमसंगच्या गॅलेक्सी एस २२ सह काही मॉडेल आपल्या यादीतून काढून टाकली. कारण असं होतं की त्या फोनमधली एक सेवा गेम आणि इतर अनेक अ‍ॅपचा वेग कमी करत होती, पण चाचणीच्या अ‍ॅपला मात्र पूर्ण वेग मिळत होता. तपासणीच्या दिवशीच सगळी मुलं हजर असलेली शाळा आपण पाहिली आहे, हे तसंच.

सॅम्पल, कालावधी आणि पैसा

दुसरी अडचण : एक नग, एक आठवडा. बऱ्याचदा तो नग कंपनीनेच पाठवलेला. म्हणजे सॅम्पल एकचा, तोही यादृच्छिक नाही, आणि हितसंबंधांची नोंद असलीच तर व्हिडिओच्या खाली बारीक अक्षरात. आपण असा शोधनिबंध पाठवला तर संपादक पहिल्याच दिवशी परत करतील.

एका आठवड्यात जे कळूच शकत नाही त्याचं उदाहरण बघा. डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपलने मान्य केलं की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग सॉफ्टवेअर मुद्दाम कमी करतं, फोन अचानक बंद पडू नये म्हणून. कारण पटण्यासारखं असेलही. पण वापरणाऱ्याला हे आधी स्पष्ट सांगितलेलं नव्हतं, आणि नव्या फोनच्या रिव्ह्यूत ते दिसणं शक्यच नव्हतं. पीएचडी चार-पाच वर्षं चालते. तुमचा प्रश्न "चौथ्या वर्षी हा फोन कसा चालेल" असा आहे, आणि उत्तर मात्र पहिल्या आठवड्याचं मिळतंय.

तिसरी अडचण मला सगळ्यात मोठी वाटते. "आयफोन विरुद्ध अँड्रॉइड" हे गटच चुकीचे पाडलेले आहेत. आयफोन एकच कंपनी बनवते, आणि त्याच्या किमती एका पट्ट्यात असतात. अँड्रॉइड ही ऑपरेटिंग सिस्टीम मात्र आठ हजारांच्या फोनमध्येही असते आणि दीड लाखाच्याही. गटांमधल्या फरकापेक्षा गटाच्या आतला फरकच जास्त असेल तर दोन सरासऱ्यांची तुलना करून हाती काय लागणार? "माझ्या मावसभावाचा अँड्रॉइड हँग होतो, आयफोन नाही होत" या वाक्यात ऑपरेटिंग सिस्टीमचा परिणाम किती आणि किमतीचा किती, हे वेगळं काढताच येत नाही. किंमत हा इथला गोंधळ घालणारा व्हेरिएबल आहे. तुलना करायचीच तर एकाच किमतीच्या दोन फोनची करा. त्यातही जुना, वापरलेला आयफोन आणि नवा अँड्रॉइड अशी जोडी आली तर वय हा आणखी एक व्हेरिएबल घुसतो, तो लक्षात ठेवा.

आता आपल्या जंगलात या

टीका करणं सोपं आहे, पर्याय मांडणं अवघड. म्हणून निकष आपण ठरवू. समजा काम गडचिरोलीत आहे. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची असा भाग. गौण वनोपज, वनस्पतींचे प्लॉट, घरोघरी मुलाखती, असं मिश्र काम.

१) साधन कोणतं? हा निकष पहिला, कारण बहुतेक वेळा तोच निकाल लावतो. सर्व्हेसाठी आपल्याकडे ओडीके आणि कोबो सर्रास वापरतात. ओडीकेची सुरुवात २००८ च्या सुमारास वॉशिंग्टन विद्यापीठात झाली, आणि त्याचं फोनवरचं अ‍ॅप अँड्रॉइडसाठीच आहे. कोबोकलेक्ट त्याच्याच आधारावर उभं आहे, तेही अँड्रॉइडवरच. आयफोनवर कोबोचा फॉर्म ब्राउझरमध्ये उघडतो. एकदा लोड केला की नेटवर्कशिवायही भरता येतो. पण न पाठवलेल्या नोंदी ब्राउझरच्या साठ्यात राहतात. कुणी तो साठा साफ केला की दिवसभराची मेहनत गेली. वाघांच्या कामातही तसंच. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत पायी पाहणीच्या नोंदींसाठी एम-स्ट्राइप्स हे अँड्रॉइड अ‍ॅप वापरलं गेलं. ताडोब्यात कुणाबरोबर काम करायचं असेल तर त्यांचं साधन कशावर चालतं हे आधी विचारा. क्यूफील्ड, आयनॅचरलिस्ट, ईबर्ड ही मात्र दोन्हीकडे चालतात.

उलट बाजूही सांगते. २०२० पासून आयफोनच्या प्रो मॉडेलमध्ये लायडार सेन्सर येतो. जपानी संशोधकांनी त्यावर झाडांचा व्यास आणि जागा मोजणारं फॉरेस्टस्कॅनर नावाचं मोफत अ‍ॅप केलं आणि २०२२ मध्ये त्यावर शोधनिबंधही आला. तुमचा प्रश्नच झाडांच्या त्रिमितीय मोजणीचा असेल तर आयफोन प्रो घेण्याला ठोस कारण आहे. नुसता घेर मोजायचा असेल तर शिंप्याच्या टेपनेही काम होतं, बरं का.

२) जागेची अचूकता. आधी एक गैरसमज काढू. जीपीएसला मोबाइल नेटवर्क लागत नाही. नेटवर्क असलं तर उपग्रहांची माहिती पटकन मिळते आणि पहिली जागा लवकर सापडते. नसलं तर तीच माहिती उपग्रहाकडून सेकंदाला ५० बिट इतक्या संथ गतीने उतरवावी लागते. म्हणून गावात शिरल्यावर मोकळ्या जागी फोन दोन-चार मिनिटं धरून ठेवा, मग जंगलात जा. मोकळ्या आकाशाखाली साधा फोन साधारण पाच मीटरच्या आत जागा दाखवतो. सागाच्या दाट छताखाली किंवा बांबूच्या बेटात ही चूक वाढते. दोन फ्रिक्वेन्सी पकडणारे फोन इथे उजवे ठरतात. अँड्रॉइडमध्ये ते २०१८ पासून आले, आयफोनमध्ये २०२२ च्या १४ प्रोपासून. म्हणजे या निकषावर ऑपरेटिंग सिस्टीमपेक्षा आतली चिप महत्त्वाची.

आणि अ‍ॅप "अचूकता ५ मीटर" असं दाखवतं त्याचा अर्थ? अँड्रॉइडच्या व्याख्येनुसार खरी जागा त्या वर्तुळात असण्याची शक्यता ६८ टक्के. म्हणजे तीनातली साधारण एक नोंद वर्तुळाबाहेर. तुमचा प्लॉट १० बाय १० मीटरचा असेल तर फोनच्या भरवशावर प्लॉटमधली झाडं एकमेकांपासून वेगळी दाखवता येणार नाहीत. त्यासाठी दोरी आणि टेपच लागणार, फोन कितीही महाग असो.

३) ऊन. मोह मार्च-एप्रिलमध्ये, तेंदूपत्ता मे मध्ये. म्हणजे गौण वनोपजाचा हंगाम नेमका चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो तेव्हाचा. अ‍ॅपल आपला फोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरा असं सांगतं. हे वाचून कुणी म्हणेल, झालं, आयफोन बाद! पण सॅमसंगही हीच मर्यादा सांगतं. इथे एक पद्धतीचा धडा आहे. एखादा निकष फार महत्त्वाचा असू शकतो आणि तरीही निवड करायला निरुपयोगी असू शकतो, कारण त्यावर दोन्ही पर्याय सारखेच ठरतात. अशा निकषाचं उत्तर खरेदीत शोधायचं नसतं, कामाच्या वेळेत शोधायचं असतं : पहाटे निघा, फोन कापडी पिशवीत ठेवा, दुपारी १२ नंतर नोंदी वहीत घ्या.

४) पार्श्वभूमीत चालणारं अ‍ॅप. ट्रॅक नोंदवणारं अ‍ॅप खिशात चालू राहायला हवं. अनेक अँड्रॉइड कंपन्या बॅटरी वाचवण्यासाठी असं अ‍ॅप मध्येच बंद करतात, आणि चार किलोमीटरच्या वाटेवर एक किलोमीटरची सरळ रेघ उरते. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपला बॅटरीच्या बंधनातून मोकळं करता येतं, पण प्रत्येक कंपनीत ती सेटिंग वेगळ्या ठिकाणी असते. आयफोनवर नियम एकसारखे आणि आधी कळणारे असतात. या निकषावर मी आयफोनला झुकतं माप देते.

५) भाषा. मराठी टायपिंग दोन्हीकडे व्यवस्थित होतं. गोंडीसाठी मसराम गोंडी लिपी २०१७ मध्ये आणि गुंजाळा गोंडी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आली. पण युनिकोडमध्ये लिपी येणं वेगळं आणि फोनवर तिचा कीबोर्ड असणं वेगळं. गडचिरोलीत माडिया-गोंडीतली उत्तरं आपण बहुधा देवनागरीतच लिहिणार, म्हणून आवाजाचं रेकॉर्डिंगही ठेवा, अर्थात संमती घेऊन. माणसाचा शब्द आपल्या लिपीत बसवताना काय निसटलं ते नंतर तपासता आलं पाहिजे.

६) डेटा बाहेर कसा निघतो? आयफोन मूळ सेटिंगमध्ये फोटो एचईआयसी प्रकारात ठेवतो. विभागातल्या जुन्या विंडोज संगणकावर तो उघडेलच असं नाही. सेटिंग बदलून जेपीजी करता येतो, पण पहिल्याच दिवशी करा. दोन्हीकडच्या फोटोंत जागेची नोंद दडलेली असू शकते. वाघाच्या गुहेचा, दुर्मिळ वनस्पतीचा किंवा कुणाच्या घराचा फोटो ग्रुपवर टाकण्याआधी ती काढून टाका. हा नैतिकतेचा भाग आहे, नुसता तांत्रिक नाही.

मग निकाल काय?

वरचे सहा निकष समोर ठेवले तर या दोन जिल्ह्यांत सर्व्हे आणि प्लॉट असं मिश्र काम करणाऱ्याने मधल्या किमतीचा, दोन फ्रिक्वेन्सीचा, पुरेशी रॅम असलेला आणि किमान चार वर्षं सुरक्षा अपडेट मिळणारा अँड्रॉइड घ्यावा. कारण एकच आणि साधं : आपली साधनं तिथे चालतात, आणि फोन फुटला तर त्याच किमतीत दुसरा लवकर मिळतो. आयफोन आधीच हातात असेल तर तो विकू नका. वर्गणी काढून प्रयोगशाळेसाठी एक साधा अँड्रॉइड घ्या. लायडार हवा असेल तर गोष्ट वेगळी. हा निकाल माझ्या निकषांचा आहे. तुमचे निकष वेगळे असतील तर निकालही वेगळा येईल, आणि तो यायलाच हवा.

फोन तुमचं सॅम्पलही निवडतो

आतापर्यंत आपण संशोधकाच्या खिशातल्या फोनबद्दल बोललो. उत्तर देणाऱ्याच्या हातात फोन द्यायचा असेल तेव्हा मामला जास्त गंभीर होतो.

अ‍ॅपल हार्ट स्टडीचं उदाहरण घ्या. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी केलेला हा अभ्यास २०१९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. ४,१९,२९७ लोक सहभागी होते. एवढा आकडा ऐकूनच आपण दबतो. पण सहभागासाठी आयफोन आणि अ‍ॅपल वॉच दोन्ही स्वतःचं असायला हवं होतं. ज्या अनियमित हृदयस्पंदनाचा शोध घ्यायचा होता ते वयानुसार वाढतं, आणि ६५ वर्षांवरचे लोक या सॅम्पलमध्ये होते फक्त ६ टक्क्यांच्या आसपास. अभ्यास वाईट नव्हता, आणि वयानुसार आकडे त्यांनी वेगळे दिलेही. पण चार लाखांचं सॅम्पलसुद्धा एका ऑपरेटिंग सिस्टीमच्या दारातूनच आत आलं होतं. सॅम्पल मोठं केल्याने असा कल दूर होत नाही.

आता आपल्या राज्यात या. पोषण अभियानात २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांना सरकारी स्मार्टफोन मिळाले. रॅम २ जीबी. तेव्हाचं अ‍ॅप वेगळं होतं. मार्च २०२१ मध्ये त्या जागी पोषण ट्रॅकर आलं. फोन हँग होतो, तापतो, दुरुस्तीचा खर्च आम्हालाच करावा लागतो आणि अ‍ॅप इंग्रजीत आहे, अशा सेविकांच्या तक्रारी होत्या. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या हजारो सेविकांनी ते फोन परत केले. पुढे अ‍ॅप मराठीतही आलं.

बातम्यांत हा मानधनाचा आणि फोनचा वाद म्हणून आला. संशोधकाने तो डेटाचा प्रश्न म्हणूनही वाचला पाहिजे. फोन कुठे आधी बंद पडेल? जिथे दुरुस्तीचं दुकान तीस-चाळीस किलोमीटरवर आहे तिथे. नोंद कुठे उशिरा चढेल? जिथे नेटवर्क नाही तिथे. बहुधा त्याच गावांत कुपोषणही जास्त असतं. म्हणजे गहाळ झालेला डेटा यादृच्छिकपणे गहाळ झालेला नसतो. ज्यांची मोजणी सर्वांत गरजेची, तेच आकड्यातून निसटतात, आणि वरच्या ऑफिसात तालुक्याचा आलेख छान दिसतो. उद्या तुमच्यापैकी कुणी दुय्यम डेटा म्हणून असे आकडे वापरेल. तेव्हा रिकाम्या रकान्याला शून्य समजू नका. आधी विचारा की तिथे फोन चालू होता का. आणि ही खरेदी कशी झाली याचा विचार करा : निविदेत रॅम मोजली जाते, किंमत मोजली जाते. दोन वर्षांनी अ‍ॅप जड होईल तेव्हा सेविका काय करेल, हे कोणत्याच रकान्यात नसतं. व्हिडिओवाल्याची आणि सरकारी खरेदीची व्याख्या तशी सारखीच निघाली. जे सोपं मोजता येतं, ते चांगलं.

आणि फोनच नसेल तर?

घाबरू नका. गडचिरोलीतून जगभर गाजलेला अभ्यास फोनशिवाय झाला आहे. सर्च संस्थेच्या डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला. तो १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला. नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी घटला होता. गावातल्याच प्रशिक्षित स्त्रिया वजन करत, तपासत, कागदावर नोंद करत, आणि त्या नोंदी पुन्हा तपासल्या जात. त्यात तुलनेचा गट होता, ठरवलेली व्याख्या होती, तपासणी होती. हे तिन्ही असेल तर वही पुरते. नसेल तर दीड लाखाचा फोनही चुकीचा डेटाच अधिक सुबक करून देतो.

म्हणून फोन घेण्याआधी एवढं करा. तुमचा खरा फॉर्म बनवा. एखाद्या मित्राचा, तुम्हाला परवडणाऱ्या किमतीतला फोन दोन दिवस मागून घ्या. विमान मोडवर टाका, जीपीएस चालू ठेवा, गावाबाहेर झाडीत जाऊन दहा फॉर्म भरा. एकाच झाडाची जागा सकाळी, दुपारी, संध्याकाळी नोंदवा आणि तिन्ही नोंदींमधलं अंतर काढा. घरी येऊन डेटा संगणकावर उतरवा. संध्याकाळी बॅटरी किती उरली ते लिहून ठेवा. हे आकडे, फोनचं मॉडेल आणि सिस्टीमची आवृत्ती प्रबंधाच्या पद्धती प्रकरणात दोन ओळींत द्या. बहुतेक प्रबंधांत नुसतं "मोबाइल जीपीएसचा वापर केला" एवढंच असतं, आणि व्हायव्हाला परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

तुमच्या चाचणीचे आकडे आले की मला जरूर कळवा. मॉडेल आणि झाडीचा प्रकार लिहायला विसरू नका. पुरेसे जमले तर पुढच्या लेखात तक्ता करून टाकते.